शाळकरी मुलांमधलं डिप्रेशन गावच्या सरकारी दवाखान्यात ओळखता येईल का? वणीच्या निमित्ताने समजून घ्या नऊ प्रश्नांचं गणित

'डॉक्टर, हिचं डोकं दुखते. पोट पण दुखते. जेवत नाही, रात्री झोपत नाही.'

सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत आई आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन येते, तेव्हा तक्रारी साधारण अशाच असतात. डॉक्टर डोळ्यांची खालची पापणी ओढून बघतात, रक्त कमी वाटतं, लोहाच्या गोळ्या लिहून देतात. बाहेर रांग मोठी असते. मुलगी घरी जाते. महिन्याभराने पुन्हा येते, तक्रारी त्याच.

यात डॉक्टरांचं काही चुकलं असं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना ॲनिमिया आहे. त्यामुळे थकवा म्हटलं की आधी रक्त तपासणं बरोबरच आहे. पण याच थकव्यामागे दुसरं कारण असू शकतं आणि ते रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. ते विचारावं लागतं.

मग प्रश्न येतो की विचारायचं कुणी, कुणाला आणि उत्तर 'हो' आलं तर पुढे करायचं काय? यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी हा प्रश्न जास्तच टोकदार होतो. कसा ते बघू.

आधी हे वय समजून घ्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १० ते १९ वयोगटातल्या दर सात मुलांपैकी एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. भारतात 'निम्हान्स' या बंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के निघालं. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं होतं आणि त्या यादीत महाराष्ट्र नव्हता.

याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा बघा. डिप्रेशन, चिंता अशा नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांमध्ये १०० पैकी सुमारे ८५ लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत.

आणि तिसरा आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातल्या होत्या. प्रत्येक आत्महत्येमागे डिप्रेशनच असतं असं नाही, कारणं एकात एक गुंतलेली असतात. पण ज्या मुलांना वेळेत मदत मिळाली असती तर बरं झालं असतं, अशी मुलं या आकड्यात आहेत हे नक्की.

आता यातली मेख अशी की टीनएजरचं डिप्रेशन मोठ्या माणसासारखं दिसत नाही. आपल्या डोक्यात चित्र असतं ते कोपऱ्यात बसून रडणाऱ्या माणसाचं. या वयात उदासीपेक्षा चिडचिड पुढे येते. पोरगा उलट बोलायला लागतो, क्रिकेट खेळणं सोडतो, मार्क घसरतात, शाळेत जायचं म्हटलं की पोट दुखतं. घरच्यांना वाटतं, वय आहे, मोबाईलचा परिणाम आहे, अंगात मस्ती आलीय.

भाषेचाही प्रश्न आहे. 'मला नैराश्य आलंय' असं वणीतला नववीतला मुलगा कधीच म्हणणार नाही. तो म्हणेल, 'करमत नाही', 'मन लागत नाही', 'टेन्शन येते', 'डोकं जड वाटते'. मारेगाव, झरी-जामणीच्या बाजूला गेलात तर कोलामी आणि गोंडी बोलणारी घरं आहेत. तिथे पुस्तकी मराठीतला प्रश्न अर्ध्या वाटेतच अडकतो.

स्क्रीनिंग म्हणजे नेमकं काय?

स्क्रीनिंग म्हणजे चाळणी. ज्यांनी स्वतःहून तक्रार केलेली नाही, त्यांच्यातून कुणाकडे जास्त लक्ष द्यायला हवं हे शोधण्याची पद्धत. डिप्रेशनसाठी जगभरात सगळ्यात जास्त वापरली जाणारी चाळणी म्हणजे 'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची यादी. १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ती तयार झाली. ती मोफत वापरता येते आणि भरायला पाचेक मिनिटं लागतात. टीनएजरसाठी तिची थोडी बदललेली आवृत्तीही आहे.

प्रश्न सगळे मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतात. कशात रस वाटत नाही असं झालं का? उदास किंवा हताश वाटलं का? झोप कमी झाली की वाढली? थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, अभ्यासात लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा बेचैनी. आणि नववा प्रश्न, मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार आले का?

प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण. 'अजिबात नाही' म्हणजे ०, 'जवळपास रोज' म्हणजे ३. एकूण २७ पैकी बेरीज करायची. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, २० च्या पुढे तीव्र, अशा पायऱ्या आहेत.

यातला नववा प्रश्न वेगळा धरायचा. बाकी बेरीज कितीही कमी असो, या प्रश्नाला शून्याशिवाय दुसरं उत्तर आलं तर त्याच दिवशी, त्याच ठिकाणी मुलाशी सविस्तर बोलायचं. उद्यावर ढकलायचं नाही.

'असं विचारलं तर पोरांच्या डोक्यात नको ते येईल' ही भीती अनेकांना वाटते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर याचा अभ्यास झाला आणि तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्येबद्दल प्रश्न विचारल्याने मुलांचा ताण किंवा तसे विचार वाढल्याचं त्यात आढळलं नाही. जी मुलं आधीच खचलेली होती, त्यांना विचारल्याने त्रास होण्याऐवजी थोडं बरंच वाटलं असावं, असं चित्र दिसलं.

मग आपल्याकडे हे होत नाही का?

कागदावर बघितलं तर तुकड्यातुकड्यांत बरंच काही आहे.

पहिला तुकडा, प्रेरणा प्रकल्प. २०१५ मध्ये राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत हा सुरू केला. यवतमाळ त्यात आहेच. आशाताईंनी घरोघरी जाऊन तणावाखाली असलेले लोक शोधायचे आणि त्यांना दवाखान्याशी जोडायचं, सोबत १०४ ही हेल्पलाइन, अशी ही रचना. पण तिचा केंद्रबिंदू शेतकरी आहे. त्याच घरातली दहावीतली मुलगी नाही.

दुसरा तुकडा, आशाताईंचा 'सीबॅक' फॉर्म. बीपी, शुगर, कॅन्सरच्या धोक्याची माहिती भरायचा हा फॉर्म तुमच्याही घरी कदाचित भरला गेला असेल. त्यात पीएचक्यूमधले पहिले दोन प्रश्न आहेत. म्हणजे आशाताई मनाबद्दल विचारतात. फक्त हा फॉर्म ३० वर्षांच्या पुढच्या लोकांसाठी आहे.

तिसरा तुकडा, शाळेतली आरोग्य तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरमध्ये झाली. त्याची टीम वर्षातून एकदा शाळेत येते. वजन, उंची, डोळे, दात तपासते. या तपासणीत किशोरवयीन मुलांसाठीच्या प्रश्नांमध्ये बहुतेक वेळा थकल्यासारखं किंवा उदास वाटतं का, असा एक प्रश्न आहे. म्हणजे चाळणी आहे, पण एका प्रश्नाची. आणि वर्गात पोरांची रांग लावून, मागच्याला ऐकू जाईल अशा ठिकाणी विचारलं तर 'हो' कोण म्हणेल, याचा विचार तुम्हीच करा.

चौथा तुकडा, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम. जानेवारी २०१४ पासून १० ते १९ वयोगटासाठी हा सुरू आहे आणि त्याच्या सहा विषयांपैकी एक मानसिक आरोग्य आहे. त्याच्या किशोरवयीन क्लिनिकना महाराष्ट्रात 'मैत्री' क्लिनिक म्हणतात. मुलांनी तिथे स्वतःहून जावं अशी कल्पना आहे. पण तिथे काय मिळतं हे माहिती असलेला टीनएजर शोधायला गेलात तर बराच वेळ लागेल.

थोडक्यात, मोठ्यांना विचारणारी माणसं आहेत, मुलांना तपासणारी टीम आहे, मुलांसाठी क्लिनिकही आहे. या तिन्हींना जोडणारा धागा कच्चा आहे.

मग उद्यापासून सगळ्या मुलांना नऊ प्रश्न विचारायचे का?

इथे थांबून थोडं गणित करू, कारण सगळा वाद इथेच आहे.

पीएचक्यू-९ टीनएजरवर कितपत चालतं याचा एक गाजलेला अभ्यास अमेरिकेत १३ ते १७ वयाच्या ४४२ मुलांवर झाला, २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. ११ गुणांची रेषा धरली तर डिप्रेशन असलेल्या १०० मुलांपैकी सुमारे ९० चाळणीत सापडली. आणि डिप्रेशन नसलेल्या १०० पैकी सुमारे ७७ बरोबर बाहेर राहिली. ऐकायला मस्त वाटतं.

आता समजा, एका भागातल्या शाळांमध्ये १,००० मुलं आहेत आणि त्यातल्या ५० जणांना खरंच डिप्रेशन आहे. चाळणी लावली तर त्या ५० पैकी ४५ सापडतील. पण उरलेल्या ९५० निरोगी मुलांपैकीही सुमारे २१४ जण अडकतील. कुणाची परीक्षा तोंडावर आलेली, कुणाचं कालच मित्राशी वाजलेलं. म्हणजे यादीत आली २५९ मुलं आणि त्यातली खरी ४५. साधारण सहात एक.

उरलेल्या पाचांच्या कपाळावर चुकून 'डिप्रेशन' असा शिक्का बसला तर? गावात अशी गोष्ट दोन दिवसांत पसरते. मुलगी असेल तर पुढे लग्नाच्या वेळीही तीच चर्चा.

आता हेच गणित वेगळ्या मुलांवर करू. सारखी डोकं-पोट दुखण्याची तक्रार घेऊन येणारी, शाळा सुटलेली, घरात आत्महत्या किंवा दारूचा त्रास पाहिलेली मुलं घ्या. समजा, अशा १,००० मुलांत २०० जणांना डिप्रेशन आहे. मग चाळणीत १७९ खरी आणि १८० चुकून आलेली सापडतील. म्हणजे दोनात एक. प्रश्न तेच, फॉर्म तोच, पण कुणाला विचारलं यावर निकालाची किंमत बदलली.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, पीएचक्यूचा आकडा म्हणजे निदान नाही. तो 'या मुलाशी निवांत बोला' एवढंच सांगतो. दोन, मनुष्यबळ कमी असेल तर सुरुवात ओपीडीत येणाऱ्या अशा मुलांपासून करणं जास्त शहाणपणाचं.

जगातही यावर एकमत नाही. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या टास्क फोर्सने २००९ मध्ये १२ ते १८ वयोगटात डिप्रेशनचं स्क्रीनिंग करा असं सांगितलं आणि २०२२ मध्ये ते पुन्हा कायम ठेवलं. ११ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मात्र पुरेसा पुरावा नाही असं तेच म्हणतात. कॅनडाच्या टास्क फोर्सने २०१३ मध्ये मोठ्या माणसांचं सरसकट स्क्रीनिंगसुद्धा करू नका, असा सल्ला दिला. अमेरिकेच्या टास्क फोर्सनेही सुरुवातीपासून एक अट घातली होती. पुढची तपासणी, उपचार आणि पाठपुरावा यांची सोय असेल तरच स्क्रीनिंग करा.

आणि इथेच वणीचा नकाशा बघायला हवा

वणी म्हणजे कोळशाच्या खाणी आणि कापूस. जिल्ह्याचं ठिकाण यवतमाळ, तिथे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण वणीहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या पुढे. त्यापेक्षा चंद्रपूर बरंच जवळ, पण तो जिल्हा वेगळा. लोकसभेच्या मतदानाला वणी चंद्रपूर मतदारसंघात जाते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम मात्र नावाप्रमाणे जिल्ह्यानुसार चालतो, म्हणजे कागद यवतमाळकडे जातो.

आता एखाद्या मुलाला 'तज्ज्ञाला दाखवा' अशी चिठ्ठी मिळाली तर काय होईल? आई किंवा वडिलांची एक दिवसाची मजुरी किंवा ड्युटी बुडणार, दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं, मुलाची शाळा बुडणार. आणि हे एकदाच नाही, दर काही आठवड्यांनी. कापूस वेचणीच्या दिवसांत हे किती घरांना जमेल?

म्हणून चिठ्ठी देऊन मोकळं होणं म्हणजे स्क्रीनिंग नव्हे. पहिल्या टप्प्याची मदत तालुक्यातच मिळायला हवी.

तज्ज्ञ नसताना मदत कोण करणार?

याचं उत्तर आपल्या शेजारीच सापडतं.

गोव्यात 'संगत' या संस्थेसोबत झालेला 'मानस' हा प्रयोग २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून बसवलं. ओपीडीत आलेल्या मोठ्यांचं स्क्रीनिंग करायचं, गरज असेल त्यांच्याशी हे समुपदेशक बोलणार, अवघड केस डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत अशी मदत मिळालेले सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होतं. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

दुसरं उदाहरण तर विदर्भातलंच. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच प्रशिक्षित लोकांनी डिप्रेशनबद्दल बोलायला सुरुवात केली, प्राथमिक मदत दिली, पुढे समुपदेशक आणि मग डॉक्टर अशी साखळी उभी केली. आधी डिप्रेशन असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोक मदत घेत होते, ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हे दोन्ही प्रयोग मोठ्यांवरचे. मुलांसाठी 'संगत'नेच दिल्लीच्या सहा सरकारी शाळांमध्ये नववी ते बारावीच्या २५१ विद्यार्थ्यांसोबत प्रयोग केला. समुपदेशकाच्या मदतीने अडचण ओळखायची, पर्याय शोधायचे, एक करून बघायचा, इतकी साधी पद्धत. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी सहा आठवड्यांत कमी झाल्या. पण मानसिक आजाराच्या लक्षणांमध्ये, फक्त पुस्तिका मिळालेल्या मुलांच्या तुलनेत त्या टप्प्यावर ठळक फरक दिसला नाही. म्हणजे ही जादूची कांडी नाही. पण सुरुवात म्हणून उपयोगाची आहे.

शाळांवर आता कायदेशीर जबाबदारीही आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा असं सांगितलं. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं आहे. तालुक्यातल्या लहान शाळांनी ही जोडणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी केली, तर वर सांगितलेला कच्चा धागा थोडा घट्ट होईल.

डिप्रेशन निघालं म्हणजे लगेच गोळ्या?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार किशोरवयात आधी समुपदेशन, घरच्यांना सोबत घेणं, झोप, व्यायाम, शाळेतला ताण कमी करणं यावर भर द्यायचा. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना डिप्रेशनसाठी औषधं द्यायची नाहीत. त्यापुढच्या वयात गरज पडलीच तर 'फ्लुओक्सेटिन' हे औषध, तेही तज्ज्ञांच्या सल्ल्याने आणि बारीक लक्ष ठेवून. मेडिकलमधून स्वतःहून झोपेच्या किंवा टेन्शनच्या गोळ्या आणणं हा यातला सगळ्यात चुकीचा रस्ता. आणि आधी ॲनिमिया, थायरॉइड, विदर्भात सिकलसेल, हे तपासून घ्यायलाच हवं.

आई-वडिलांना सांगतील का?

टीनएजर गप्प राहतात त्याचं मोठं कारण हेच. त्यामुळे डॉक्टरांनी काही मिनिटं तरी मुलाशी एकट्याने बोलायला हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. पण वय १८ च्या आत असेल तर उपचाराच्या निर्णयात पालकांचा सहभाग लागतो. जिवाला धोका असेल तर गुप्तता बाजूला ठेवावी लागते. लैंगिक अत्याचार झाल्याचं मुलाने सांगितलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे सगळं प्रश्न विचारण्याआधीच मुलाला सांगितलं तर विश्वास टिकतो.

तुम्ही काय करू शकता?

दोन आठवड्यांहून जास्त काळ मुलगा किंवा मुलगी बदललेली वाटत असेल तर 'काय झालंय तुला?' असं दरडावून विचारू नका. 'काही दिवसांपासून तू गप्प आहेस, मला काळजी वाटतेय' असं म्हणा आणि मग ऐका. लगेच उपदेश नको, शेजारच्या पोराशी तुलना नको.

दवाखान्यात गेलात तर दुखण्यासोबत झोप, भूक, शाळा याबद्दलही सांगा. 'मुलाशी एकट्याने बोलाल का?' असं डॉक्टरांना विचारा. हा तुमचा हक्क आहे, आगाऊपणा नाही.

मूल मरणाबद्दल बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरातली शेतीची औषधं आणि गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि फोनमध्ये हा नंबर सेव्ह करून ठेवा, १४४१६. ही केंद्र सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइनही आहे. फोन करायला मोठा आजार असायला हवा असं काही नाही. करमत नसेल, मन लागत नसेल, तरी पुरे.